गाडीवर हात बसेना तेव्हा : फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर मागे का पडतो

२०२५ च्या मार्चमध्ये मामा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी औशाहून आमच्याकडे संभाजीनगरला आले होते. मामांनी बत्तीस वर्षं दहा चाकी ट्रक चालवला. लातूरच्या मोंढ्यातली डाळ हैदराबादला, मुंबईला पोचवली. त्या शनिवारी मला सुट्टी होती. मामा काळा चष्मा लावून सोफ्यावर बसलेले आणि मी टीव्हीला मोबाईल जोडून चीनमधल्या फॉर्म्युला वन शर्यतीची पात्रता फेरी, म्हणजे शर्यतीत कोण कुठून सुटणार ते ठरवणारी फेरी, बघत होतो. शेवटी निकालाची यादी लागली तेव्हा मामांनी विचारलं, "हा सगळ्यात खाली कोण रे?"

"लियाम लॉसन. न्यूझीलंडचा पोरगा आहे, तेवीस वर्षांचा."

"आन् त्याच्याच रंगाची दुसरी गाडी चौथी कशी?"

"ती मॅक्स वर्स्टापेनची. चार वेळचा जगज्जेता."

"म्हंजी मालक एक, गाड्या सारख्या, एक चौथी आन् एक इसावी. मंग त्या पोराला चालवताच येत नाही म्हण की."

मी तेव्हा काहीतरी उत्तर दिलं, पण ते माझं मलाच पटलं नाही. पाचच दिवसांनी, २७ मार्चला, रेड बुल टीमनं लॉसनला त्या गाडीवरून काढलं. हंगामाच्या फक्त दोन शर्यती झाल्या होत्या. मामांना हे सांगितलं तर ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "दोन खेपांत? आरं, नव्या गाडीवर हात बसायला आमाला दोन महिने लागायचे."

हा लेख मामांच्या त्या वाक्यावर आहे. फॉर्म्युला वनमध्ये एखादा ड्रायव्हर धडपडतोय, मागे पडतोय असं आपण बघतो तेव्हा नेमकं काय होत असतं, ते समजून घ्यायला 'हात बसणं' इतका नेमका शब्द मला दुसरा सापडलेला नाही.

आधी हे बघू की शेवटचा म्हणजे किती शेवटचा. २०२५ मध्ये या खेळात दहा टीम आणि वीस ड्रायव्हर होते. २०२६ पासून कॅडिलॅक ही अकरावी टीम आल्यामुळे बावीस झाले. अख्ख्या जगात एवढ्याच जागा. तिथं बसण्यासाठी सुपर लायसन्स लागतं. तीन वर्षांत खालच्या दर्जाच्या शर्यतींमधून ४० गुण जमवले तरच ते मिळतं, आणि फॉर्म्युला टू या लगेच खालच्या पायरीवर पहिल्या तिघांत आलात तर एका वर्षात ते ४० गुण होतात. म्हणजे यादीत विसावा दिसणारा पोरगा सातव्या-आठव्या वर्षापासून गो-कार्ट चालवत, शेकडो मुलांना मागं टाकत आलेला असतो.

आणि पहिल्या-विसाव्यात अंतर तरी किती? २०२५ मध्ये पात्रता फेरीच्या पहिल्या टप्प्यात सगळ्या वीस गाड्या कित्येकदा सेकंद-सव्वा सेकंदात मावायच्या. आपल्याकडच्या शंकरपटात घड्याळ लावून जोड्या पळवतात. शतांशांनी मागं राहिलेल्या जोडीला पटावरचं जाणतं माणूस कधी मरतुकडी म्हणत नाही. ते धुरकऱ्याला विचारतं, सुटताना काय झालं? फॉर्म्युला वनलाही हाच प्रश्न विचारायला हवा : नेमकं कुठं, काय झालं?

तर एकच वळण घेऊ आणि जवळून बघू.

गाडी ताशी तीनशेच्या वेगानं येतेय आणि पुढचं वळण ताशी शंभरनं घ्यायचं आहे. मामा ट्रकवर असते तर लांबूनच गिअर उतरवला असता आणि ब्रेकवरचा पाय हळूहळू दाबत नेला असता. इथं नेमकं उलटं करावं लागतं. पुढच्या-मागच्या पंखांवरून आणि गाडीच्या पोटाखालून जाणारी हवा गाडीला रस्त्यावर दाबून धरते. वेग जितका जास्त, तितका हा दाब जास्त. म्हणून तीनशेच्या वेगात टायर रस्त्याला सगळ्यात घट्ट चिकटलेले असतात आणि पहिला पाय पूर्ण ताकदीनं मारायचा असतो. पेडलवर शंभर किलोहून जास्त जोर पडतो. वेग उतरू लागला की हवेचा दाबही उतरतो. मग तेवढाच जोर कायम ठेवला तर चाक जाम होऊन घसरतं. म्हणून वेग जसा उतरेल तसा पाय उचलत यायचा, आणि पाय पुरता उचलायच्या आधीच स्टिअरिंग वळवायला लागायचं. हे सगळं दीड-दोन सेकंदांत.

या दीड-दोन सेकंदांत गाडीचं वजन पुढच्या चाकांवर गेलेलं असतं आणि मागची चाकं हलकी झालेली असतात. मागचा भाग किंचित जरी सुटला, तरी ड्रायव्हरला ते आधी कमरेत कळतं. पुढच्या फेरीत तो त्याच वळणाला ब्रेक दोन मीटर आधी लावतो. ठरवून लावत नाही, पायच ते करतो. दोन मीटरनं काय होतं? सेकंदाचा पन्नासावा भाग जातो. शांघायच्या ट्रॅकला सोळा वळणं आहेत. प्रत्येक वळणावर पन्नासावा भाग सोडला तर एका फेरीत तीन दशांश सेकंदांहून जास्त वेळ गेला. सगळा घोळका सेकंदभरात असताना तीन दशांश म्हणजे आठ-दहा जागा. एकाही वळणावर त्यानं डोळ्यांना दिसेल अशी चूक केलेली नसते.

मागे पडणारा ड्रायव्हर बहुतेक वेळा असाच पडतो. चालवणं विसरला म्हणून पडत नाही. गाडी पुढच्या क्षणी काय करेल याची खात्री उरत नाही म्हणून पडतो.

आता लॉसनच्या गाडीकडे येऊ. वर्स्टापेनला नाक अतिशय तिखट असलेली गाडी लागते : स्टिअरिंगला नुसतं बोट लागलं तरी पुढचा भाग वळला पाहिजे. तसं केलं की मागचा भाग सैल होतो, पण तो सैलपणा त्याला सहज झेपतो. २०१९-२० मध्ये त्याच टीममध्ये असलेल्या अ‍ॅलेक्स अल्बननं नंतर याचं फार सोपं वर्णन केलं होतं. कॉम्प्युटरच्या माऊसची संवेदनशीलता पार टोकाला नेऊन ठेवा आणि मग माऊस हलवा, बाण पडद्यावर भिरभिरायला लागतो, तशी ती गाडी वाटायची. टीम गाडीत सुधारणा करते ती घड्याळ बघून. वर्स्टापेन त्या तिखट गाडीतून वेळ काढून दाखवतो, म्हणून सुधारणाही त्याच दिशेनं होत जातात. दुसऱ्या खुर्चीवर बसणाऱ्याला दर वर्षी आणखी अवघड गाडी मिळते.

मग सराव करून हात बसवायचा ना? बसवायला वेळच नसतो. क्रिकेटपटूचा फॉर्म गेला तर तो नेटमध्ये दिवसभर चेंडू खेळू शकतो, रणजी खेळून येऊ शकतो. फॉर्म्युला वनमध्ये चालू वर्षाच्या गाडीच्या सरावावर कडक बंधनं आहेत. २०२५ च्या हंगामाआधी बहारीनमध्ये एकूण तीन दिवस मिळाले, टीममागे एकच गाडी, आणि ती दोघांनी वाटून घ्यायची. म्हणजे माणसी दीड दिवस. त्यानंतर शर्यतीच्या आठवड्यात एक-एक तासाची तीन सत्रं. लॉसननं त्याआधी फॉर्म्युला वनच्या फक्त ११ शर्यती केल्या होत्या आणि मेलबर्न व शांघाय हे दोन्ही ट्रॅक त्याला फॉर्म्युला वनच्या गाडीत नवे होते. मेलबर्नला इंजिनाच्या बिघाडामुळे त्याचं तिसरं सत्र वाया गेलं. शांघायला स्प्रिंट, म्हणजे मुख्य शर्यतीआधीची जादा छोटी शर्यत, असल्यामुळे सरावाला मुळात एकच तास होता. मी हा हिशोब मामांना सांगितला तेव्हा ते म्हणाले, "एवढ्या येळात तर आमी शिटा आन् आरसे लावून घेत होतो."

सिम्युलेटर असतो, डेटाही असतो. गाडीवरचे शेकडो सेन्सर सांगतात की जोडीदारानं अमुक वळणाला ब्रेक तीन मीटर उशिरा लावला, पाय असा उचलला. इंजिनिअर दोघांचे आलेख एकावर एक ठेवून दाखवतात. मी वाळूजला टूलरूममध्ये काम करतो. मायक्रॉनमध्ये मोजायची आम्हाला सवय. नव्या पोराला मी मापं सगळी लिहून देतो, तरी जुन्या ग्राइंडिंग मशीनवर शेवटचा एक शतांश काढताना त्याचा हात अडखळतो, कारण त्या मशीनची चाल कागदावर उतरत नाही. ड्रायव्हरचंही तेच. तीन मीटर उशिरा ब्रेक लावायचा हे त्याला कळतं, पण पायाला ते पटायला लागतं.

या फेऱ्यातून बाहेर पडायला तो मग गाडीची मांडणी, म्हणजे पंख, स्प्रिंग वगैरेंची जुळणी, बदलून बघतो. चीनमध्ये लॉसनच्या गाडीची मांडणी पात्रता फेरीनंतर बदलली. तसं केलं की नियमानुसार पिट लेनमधून, म्हणजे टायर बदलायला गाड्या थांबतात त्या बाजूच्या गल्लीतून, सगळ्यांच्या मागून सुरुवात करावी लागते. मांडणी बदलली की जोडीदाराच्या आकड्यांशी तुलनाही तुटते. चूक गाडीत आहे की आपल्यात, हे शोधणं आणखी अवघड होतं.

या खेळातली मला सगळ्यात क्रूर वाटणारी गोष्ट म्हणजे जोडीदार. सगळ्या टीमच्या गाड्या वेगवेगळ्या, त्यामुळे ड्रायव्हरला मापायची फूटपट्टी एकच : त्याच टीमचा दुसरा ड्रायव्हर. तुमचा जोडीदार साधारण असेल तर तुम्ही हिरो. तोच वर्स्टापेन असेल तर तुमचं करिअर संपायला एक हंगाम पुरतो. २०२४ मध्ये वर्स्टापेननं ४३७ गुण मिळवून जगज्जेतेपद घेतलं. त्याच गाडीत सर्जिओ पेरेझला १५२ मिळाले, आणि विश्वविजेत्याची टीम टीमच्या यादीत तिसरी राहिली. टीमच्या क्रमांकावर बक्षिसाची रक्कम ठरते, त्यामुळे हा फरक पैशातही मोजला जातो. पेरेझचा करार जूनमध्येच वाढवला होता. डिसेंबरात त्याला जावं लागलं. लॉसननंतर त्या खुर्चीवर बसलेल्या युकी त्सुनोडाचं तरी काय झालं? २०२५ मध्ये टीमच्या ४५१ गुणांपैकी ४२१ एकट्या वर्स्टापेनचे होते, आणि २०२६ साठी त्सुनोडालाही शर्यतीची जागा उरली नाही. ओळीनं इतकी चांगली पोरं एकाच खुर्चीवर 'नापास' होत असतील तर खुर्चीबद्दलही विचारायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे.

पण हे फक्त नवख्या पोरांचं होतं असं समजू नका. डॅनियल रिकार्डोची गोष्ट मला अजून चटका लावते. ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा, कायम हसरा. २०१४ मध्ये रेड बुलला आला आणि पहिल्याच वर्षी तीन शर्यती जिंकल्या, तेही चार वेळचा जगज्जेता सेबास्टियन व्हेटेल जोडीदार असताना. उशिरा ब्रेक लावून लांबूनच दुसऱ्याच्या आत घुसायचं, ही त्याची खासियत. असा माणूस २०२१ मध्ये मॅक्लारेन टीमला गेला आणि ब्रेक लावण्यातच अडकला. वळणात वेग सोबत घेऊन शिरायची जी लय त्याच्या अंगात मुरली होती, ती त्या गाडीला मानवत नव्हती. त्याच्याहून दहा वर्षांनी लहान लँडो नॉरिस तीच गाडी सहज पळवत होता. त्या वर्षी इटलीतल्या मोंझाला रिकार्डोनं शर्यत जिंकलीसुद्धा, मॅक्लारेनची २०१२ नंतरची पहिली. मला वाटलं, बसला हात. पुढच्या वर्षी नॉरिसचे १२२ गुण आणि रिकार्डोचे ३७. करार एक वर्ष आधीच संपवला गेला.

२०२३ च्या मध्यावर तो रेड बुलच्याच धाकट्या, दुसऱ्या टीममध्ये परत आला (पुढं लॉसनलाही काढल्यावर तिथंच पाठवलं), तिसऱ्याच शर्यतीच्या सरावात हाताचं हाड मोडलं. २०२४ ची सिंगापूरची शर्यत त्याची शेवटची ठरली. टीमनं तेव्हा अजून काही जाहीर केलं नव्हतं, पण त्याला अंदाज होता. शर्यत संपल्यावर तो गाडीतून उतरेना. बाकीचे उतरून गेले, मेकॅनिक आवराआवर करायला लागले, आणि हा हेल्मेट काढून कितीतरी वेळ त्या अरुंद खोबणीत बसून राहिला. त्या रात्री सगळ्यात वेगवान फेरी त्याचीच होती, आणि क्रमांक अठरावा. मामा सांगतात, गाडी विकली त्या दिवशी ते दोन तास केबिनमध्ये बसून होते. मामीनं दोनदा जेवायला हाक मारली, तरी उतरावंसं वाटेना.

रिकार्डोनं ज्याची जागा घेतली होती त्या निक डी व्ह्रीसला त्याआधी दहा शर्यतींत काढलं होतं. तो फॉर्म्युला टू आणि विजेवरच्या गाड्यांची फॉर्म्युला ई, दोन्हींचा विजेता. अल्पाइन टीमच्या जॅक डूहानला २०२५ मध्ये सहा शर्यती मिळाल्या. बाहेर रांग असते, रांगेतल्या काहींच्या मागं मोठे प्रायोजक असतात, आणि करारात कामगिरीच्या अटी असतात. गो-कार्टपासून वरपर्यंत यायला कोट्यवधी रुपये लागतात, त्यामुळे नुसत्या हुशारीवर इथं कुणी टिकत नाही.

आपल्या दोन माणसांकडेही याच नजरेनं बघायला हवं. नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये जॉर्डन टीमकडून उतरला, फॉर्म्युला वनमधला पहिला भारतीय. करुण चंढोक २०१० मध्ये एचआरटीकडून आला. पुढं कार्तिकेयनही त्याच टीममध्ये गेला. ते कायम मागं असायचे म्हणून आपल्याकडे लोक नाक मुरडायचे. एचआरटीला तीन हंगामांत एकही गुण कधी मिळाला नाही, कुठल्याच ड्रायव्हरकडून, हे कुणी सांगितलं नाही. मुंबईचा जेहान दारूवाला फॉर्म्युला टूमध्ये चार वर्षं लढला आणि तरी वरचं दार उघडलं नाही. इथं वाळूज-शेंद्र्यात आम्ही रोज गाड्यांचे सुटे भाग बनवतो, पण या भागातल्या पोराला गो-कार्टचा खरा ट्रॅक बघायलाही लांब जावं लागतं. ही गोष्ट मला बोचते.

काढून टाकलेले सगळेच संपत नाहीत. पिएर गॅसलीला रेड बुलनं २०१९ मध्ये बारा शर्यतींनंतर खाली पाठवलं; वर्षभरानं, सप्टेंबर २०२० मध्ये, त्याच धाकट्या टीमच्या गाडीत त्यानं मोंझा जिंकलं. गाडी हाताला लागली की माणूस तोच असतो.

६ जुलै २०२५, आषाढी एकादशी. मी औशाकडे मामांच्या घरी होतो. भगर आणि शेंगदाण्याची आमटी झाली, लाईट नव्हती, म्हणून साडेसातची इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनची शर्यत मोबाईलवरच लावली. तिकडं पाऊस होता. एक हिरवी गाडी एकोणिसाव्या जागेवरून निघाली होती आणि हळूहळू वर येत होती. निको हल्केनबर्ग, सदतीस वर्षांचा जर्मन. २०१० पासून या खेळात, पहिल्याच वर्षी ब्राझीलला पात्रता फेरीत पहिला आलेला, आणि त्यानंतर पंधरा वर्षांत पहिल्या तिघांत एकदाही नाही. मधली तीन वर्षं त्याला कायमची जागाच नव्हती. कुणी आजारी पडलं की ऐनवेळी फोन यायचा आणि हा सराव नसताना गाडीत बसायचा. त्या दिवशी त्याच्या मागं सात वेळचा जगज्जेता लुईस हॅमिल्टन होता आणि हल्केनबर्गनं त्याला पुढं जाऊ दिलं नाही. तिसरा आला. ती त्याची २३९ वी शर्यत होती.

मामांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला. ऑपरेशननंतर त्यांना आता स्वच्छ दिसतं. "पंधरा वर्षं म्हणालास?"

"हो."

"आन् ते दोन खेपांत काढलेलं पोरगं?"

लॉसन आज पहिल्याच फेरीत धडक बसून बाहेर पडला, हे मी सांगितलं. मामांनी नुसतं 'च्च' केलं.

पुढं २१ सप्टेंबरला अझरबैजानमधली बाकूची शर्यत झाली. त्या आठवड्यात आपल्या सगळ्या मराठवाड्यावर पाऊस कोसळत होता. रात्री मी मामांना फोन केला तो शेताची चौकशी करायला. सोयाबीनमध्ये गुडघाभर पाणी होतं, बोलायला त्यांना उसंत नव्हती. तरी ठेवता ठेवता मी सांगितलं की लॉसन आज पाचवा आला, आणि त्याच्या मागं सहावा त्सुनोडा होता, म्हणजे ज्या गाडीवरून लॉसनला काढलं तीच गाडी. शेवटपर्यंत पुढं जाऊ दिलं नाही त्यानं.

"कोणती गाडी होती त्याच्याकडं?"

"धाकट्या टीमची. आधी चालवायचा तीच टीम."

"मंग बरोबर," मामा म्हणाले. "हात बसलेला होता तिथं." मागून कुणीतरी बांध फोडायला फावडं मागत होतं. मामांनी फोन ठेवला.